चॅम्पियनचं चूलबंद

अर्जात रकाने चार होते आणि आनंदाशेठ घरतांना सुचलेला पदार्थ एकच होता.

"सूप," त्यांनी मोठ्यांदा वाचलं.

"कोन आजारी हाय?" वालाच्या शेंगा निवडता निवडता त्यांच्या बायकोने, हौसाबाईंनी विचारलं.

"कोन नाय. जेवनाच्या आधी देतात."

"आधीच पानी पाजून पोट भरवाचा? मंग जेवाला बोलवाचा कशाला?"

याचं उत्तर क्लबातही कुणाला माहीत असेल असं आनंदाशेठना वाटेना. त्यांनी रकान्यात 'नाय' लिहिलं, मग अर्ज इंग्रजाळलेल्या लोकांच्या हातात जायचा आहे हे आठवून ते खोडलं आणि 'नाही' लिहिलं.

पळस्प्यावरून शिरढोणकडे जाताना डाव्या हाताला वावंढे लागतं आणि वावंढ्याच्या पाठीला गोल्फ क्लब. त्या क्लबाची वार्षिक स्पर्धा यंदा आनंदाशेठनी जिंकली होती. क्लबासाठी गावाची जमीन गेली तेव्हा ग्रामस्थांच्या नावे एक सभासदत्व ठेवलं होतं. चिठ्ठ्या टाकल्या आणि ते आनंदाशेठना लागलं. पहिली काही वर्षं त्यांना खेळायला घ्यायचे ते तिघांना चौथा कमी पडला की. पण झालं असं की बाकीचे लोक मैदानात खेळत आणि आनंदाशेठ आपल्या शेतात. डॉक्टर केतन सबनीस चेंडूमागे उकिडवे बसत, एक डोळा मिटत, काठी लोंबती धरून उतार मोजत. आनंदाशेठना मोजावं लागत नसे. नववा होल म्हणजे घरतांची जुनी वरकस, उताराची माळजमीन. तिथलं पाणी बांध फोडून कुणाच्या शेतात शिरतं यावरून दोन पिढ्या भांडल्या होत्या. जिकडे पाणी, तिकडे चेंडू.

डॉक्टर सबनीस पनवेलातले नावाजलेले दंतवैद्य. तीन वेळचे विजेते. हरल्यावर त्यांनी आनंदाशेठचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "लक असतं हो कधीकधी." तोंड उघडं ठेवायला सांगतानाचा त्यांचा जो आवाज, तोच.

क्लबात एक परदेशातून उचललेली पद्धत होती. जिंकणाऱ्याने मेजवानीचे पदार्थ ठरवायचे आणि सगळ्या माजी विजेत्यांनी येऊन ते निमूट खायचे. डॉक्टरांनी त्यांच्या पहिल्या विजयाला परातीएवढ्या पांढऱ्या ताटात तीन घेवड्याच्या शेंगा आणि बीटाचा एक ठिपका वाढायला लावला होता. लोक कुरकुरले. तेव्हा डॉक्टरांनीच समितीवर असताना नियम नववा करून घेतला: 'विजेत्याने भरून दिलेला अर्ज अंतिम राहील. त्यात कुणीही, कोणताही बदल करणार नाही. सर्व माजी विजेते हजर राहून ताट संपवतील.' मेजवानी पार पडली की रंगारी येई आणि दिवाणखान्यातल्या सागवानी फलकावर विजेत्याचं नाव सोनेरी अक्षरांत लिही. फलक मराठीत होता. जमीन देताना गावाने घातलेल्या सतरा अटींपैकी ही एकच क्लबाने पाळली होती.

आनंदाशेठना काय हवं असेल तर तो फलक. करंडक दोन दिवस टीव्हीवर ठेवून झाला होता, आता त्यात हौसाबाईंनी रवी आणि झारे उभे केले होते. पण फलकाची गोष्ट वेगळी. वडलांच्या मागे सातबाऱ्यावर लागलेलं त्यांचं नाव गेलं त्याला तीस वर्षं होत आली. त्याच जमिनीवर, भिंतीवर का होईना, घरतांचं नाव पुन्हा लागणार होतं, आणि तेही सोन्याच्या रंगात. सातबारा काय, तलाठ्याच्या निळ्या शाईतला.

"पोपटी सांगा," हौसाबाई म्हणाल्या. "पौष हाय. शेंगा भरल्यात. दुसरा काय पायजे?"

आनंदाशेठनी अर्ज पूर्ण केला. सूप: नाही. स्टार्टर: पोपटी. मुख्य जेवण: पोपटी. डेझर्ट: राहिली तर पोपटी. सगळ्यात खाली एक ओळ होती: 'फलकावर लिहावयाचे संपूर्ण नाव'. भूसंपादनाच्या कचेरीत पंचवीस वर्षं अर्ज भरलेला माणूस या ओळीशी खेळत नाही. एक वेलांटी चुकली म्हणून त्यांचे अर्ज चार-चार वेळा परत आले होते. आनंदाशेठनी चष्मा पुसला आणि सातबाऱ्यावर जसं होतं तसं, एक अक्षर इकडचं तिकडे न करता, लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी चारुता राजाध्यक्षांनी त्यांना बोलावून घेतलं. चारुतामॅडमचं टेबल इतकं स्वच्छ असे की त्यावर कोपर टेकवायला माणूस बिचके.

"मिस्टर घरत, ही पोपटी म्हणजे एक्झॅक्टली काय?"

"मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा. त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, अंडी, मसाला लावलेली कोंबडी. वरून परत पाला. थेंबभर पाणी नाही."

"छान. म्हणजे शेफ ओव्हनमध्ये करतील."

"मॅडम, मडकं जमिनीवर उपडं घालतात. भोवती पेंढा, काटक्या. मग पेटवतात."

"काय पेटवतात?"

"सगळं."

चारुतामॅडमनी नियम नववा दोनदा वाचला. मैदानातलं गवत त्यांना इतकं प्रिय की त्याला नावाने हाक मारायचीच काय ती बाकी होती. त्यावर ठिणगी पडणं शक्य नव्हतं. शेवटी गवत नसलेली एकच जागा निघाली: अठराव्या होलशेजारचा वाळूचा खड्डा. चेंडू अडकावा म्हणून मुद्दाम केलेला तो बंकर, प्रथमच एखाद्या कामाला येत होता.

"एक मडकं," मॅडम म्हणाल्या. "पाच माजी विजेते, तुम्ही आणि मी. सात जण. आणि फायर एक्स्टिंग्विशर शेजारी. तुमच्याकडून कोणी येणारेय?"

"घरचीच."

"किती?"

आनंदाशेठ घुटमळले. जेवायला येणारी माणसं मोजू नयेत, मोजली की अन्न पुरत नाही, हे त्यांना आईने शिकवलं होतं. "तसं मोजत नाहीत आमच्यात," ते म्हणाले.

मॅडमनी 'अधिक दोन' असं लिहिलं.

चूक झाली ती इथून पुढे, आणि तीही भांबुर्ड्यापायी. पाला हवा म्हणून आनंदाशेठनी चुलते बुधाजी यांना सांगितलं, कारण भांबुर्डा कुठे उगवतो हे ऐंशी वर्षांच्या बुधाजींइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. बुधाजींनी कशाला हवा म्हणून विचारलं. जिंकल्याचं जेवण आहे म्हणून कळलं. संध्याकाळी हे पारावर बसलेल्या आनंदाशेठच्या पुतण्याला, म्हणजे प्रणितला कळलं. प्रणित एका पक्षाचा विभाग उपाध्यक्ष होता आणि बातमी कळल्यापासून फ्लेक्स लागेपर्यंतचा त्याचा वेळ तालुक्यात सर्वांत कमी होता.

आनंदाशेठनी तो फ्लेक्स पळस्पे फाट्यावर गाडीतून पाहिला आणि मागच्या टेम्पोने हॉर्न दिला तरी त्यांचा पाय ब्रेकवरून उठेना. वीस फूट रुंद. मध्ये आनंदाशेठचं डोकं, खाली चौकड्यांच्या विजारीतलं कुण्या गोऱ्या माणसाचं धड. कडेने बावीस शुभेच्छुकांचे गॉगल लावलेले फोटो. 'वावंढ्याचा ढाण्या वाघ, गोल्फसम्राट आनंदाशेठ यांच्या देदीप्यमान विजयानिमित्त भव्य पोपटी. शनिवारी सायंकाळी पाच, गोल्फ क्लब. समस्त ग्रामस्थांस चूलबंद आमंत्रण.'

चूलबंद म्हणजे घरटी एक नव्हे. चूलबंद म्हणजे म्हातारीपासून पाळण्यातल्यापर्यंत अख्खं घर. त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही. वावंढ्यात उंबरे एकशे सेहेचाळीस.

"काढ तो," आनंदाशेठनी फोनवर सांगितलं.

"काका, चूलबंद दिला. आता कसा काढू?"

"दिला कोनी? तू दिलास."

"नाव तुमचा हाय," प्रणित नम्रपणे म्हणाला. "मी फक्त शुभेच्छुक."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी पाटलांच्या वसंताने साखरपुड्याला दिलेलं चूलबंद पाऊस आला म्हणून मागे घेतलं होतं. त्याच्या घरी अजूनही कुणाचं बारसं असलं की गाव विचारी, 'वसंताकडं ना? मंग जेवून निंघू.' वसंताने नंतर घर बांधलं, पोरीला डॉक्टर केलं, गावाला पाण्याची टाकी दिली. पण ओळख राहिली ती तीच.

एका बाजूला क्लब, एका बाजूला गाव. क्लबाला सांगावं तर मेजवानी रद्द. मेजवानी नाही तर फलक नाही. गावाला सांगावं तर दुसरा वसंता. आनंदाशेठ दोन दिवस घरात येरझाऱ्या घालत राहिले.

"मॅडमना सांगून टाका," हौसाबाई म्हणाल्या.

"काय सांगू? सातशे मानसं येतात म्हनून?"

"मोजलीत?" हौसाबाई दचकल्या. "आता पुरल का अन्न!"

शनिवारी साडेचारला क्लबाच्या हिरवळीवर पांढऱ्या चादरीचं टेबल मांडलं होतं. सात खुर्च्या, घडीचे रुमाल, प्रत्येक ताटाशी काटेचमचे उतरत्या उंचीने. डॉक्टर सबनीस निळा कोट घालून आले होते. "मी व्हेजिटेरियन आहे, हे लक्षात असेलच," त्यांनी सांगितलं.

"तुमच्या शेंगा वेगळ्या बांधल्यात, डॉक्टर. केळीच्या पानात."

"किती शेंगा?"

"तीनपेक्षा जास्त," आनंदाशेठ म्हणाले.

पाच वाजता फाटकावरच्या सुरक्षारक्षकाचा फोन आला. चारुतामॅडमनी तो ऐकला आणि विचारलं, "दोन जण येणार होते ना? मग हा 'सगळे आलेत' म्हणजे काय म्हणतोय?"

सगळे आले होते. पुढे काठी टेकत बुधाजी, मागे गावातल्या कमळाबाई, भामा, कडेवर पोरं, डोक्यावर पेंढ्याचे भारे. आणि मडकी. पोपटीला रिकाम्या हाताने कुणी जात नाही. कुणी शेंगा, कुणी अंडी, कुणी नुसतं मीठ, पण काहीतरी नेतंच. गावाने आळीप्रमाणे वर्गणी न काढता मडकी काढली होती. बावीस. सुरक्षारक्षकाने रजिस्टरमध्ये नाव-पत्ता लिहायला सांगितलं, तेव्हा बुधाजींनी त्याला विचारलं, "तुजा गाव कंचा?" त्याने गोरखपूर सांगितलं. "मंग तू लिव. आमी हितलंच," म्हणून ते आत आले.

अठराव्याच्या बंकरमध्ये चार मडकी मावली. पाचव्याला जागा नव्हती, आणि इथे बुधाजींनी सगळ्यांच्या मनातलं बोलून दाखवलं.

"दुसऱ्याच्या शेतान आपला मडका कशाला लावाचा? ज्याचा त्याचा ज्याच्या त्याच्या शेतान."

तीस वर्षांत जे मोजणी खात्याला जमलं नव्हतं ते दहा मिनिटांत झालं. ती चारही मडकी पुन्हा उचलून गाव मैदानभर पांगलं आणि जो तो न चुकता आपापल्या जमिनीवर जाऊन उभा राहिला. मोकल मंडळी सोळाव्या होलला गेली. पाटलांचा वसंता चौदाव्याला. कमळाबाई एका मऊ हिरव्या गोल चढावर थांबून म्हणाली, "हितं माजी गवारी होती," आणि शेजारच्या बंकरमध्ये मडकं उपडं घातलं. मैदानात बंकर तेवीस होते. एक रिकामा राहिला. तो ज्यांचा होता ते कुटुंब आता डोंबिवलीला राहत होतं. त्यांचा बंकर कुणी वापरला नाही.

मग पेंढा पेटला. बावीस ठिकाणी एकदम.

धुराचे बावीस खांब पौषातल्या निवांत हवेत सरळ वर गेले. हायवेवर गाड्या हळू झाल्या. चारुतामॅडम हातात एकुलतं एक फायर एक्स्टिंग्विशर धरून कुठल्या दिशेला धावावं याचा विचार करत जागेवरच फिरल्या.

"मिस्टर घरत! ही घरची माणसं?"

"घरचीच आहेत, मॅडम. घरं एकशे सेहेचाळीस आहेत."

"हे बंद करा. आत्ताच्या आत्ता. नाहीतर रंगाऱ्याला परत पाठवते. तुमचं नाव फलकावर लागणार नाही!"

आनंदाशेठनी दिवाणखान्याच्या काचेतून आत पाहिलं. फलकापुढे शिडी लावून ठेवलेली होती. मग बाहेर पाहिलं. नवव्या होलला, घरतांच्या वरकसीत, हौसाबाई पदर खोचून वाकल्या होत्या आणि मडक्यावर पाणी शिंपडून चर्र वाजतं का ते ऐकत होत्या. बुधाजी शेजारी मांडी घालून बसले होते, घरच्या ओटीवर बसावं तसे.

"मॅडम," आनंदाशेठ म्हणाले, आणि आपला आवाज इतका शांत कसा याचं त्यांनाच नवल वाटलं, "नाव नाही लागलं तर राहू दे. पण चूलबंद दिलंय. गावात आज एक चूल पेटलेली नाही. मी ह्यांना उपाशी नाही पाठवणार."

मॅडम काही बोलणार तोच हौसाबाईंचा आवाज नवव्या होलवरून आला. "झाली! या जेवाला!"

घरतांचं मडकं आणून पांढऱ्या चादरीवर रिकामं करण्यात आलं. काटेचमचे पाल्याखाली गेले ते पुन्हा सापडले नाहीत. ओवा, भाजका पाला, फुटलेल्या शेंगा. त्या वासापुढे माजी विजेत्यांचे कोट एकेक करून खुर्च्यांच्या पाठीवर गेले. डॉक्टर सबनिसांनी आपलं केळीचं पान उघडलं, एक शेंग सोलली, दुसरी सोलली आणि तिसरीनंतर सोलायचंच सोडून दातांनी ओढायला सुरुवात केली. पेशंटला जे करू नका म्हणून ते सांगत, तेच.

"मॅडम, बसा तुमी," भामाने चारुतामॅडमच्या हातातलं एक्स्टिंग्विशर काढून बाजूला ठेवलं. "उभ्यानं खाल्लेला अंगी नाय लागत."

मॅडम बसल्या. नियम नववा होताच: ताट संपवायचं. त्यांनी ते दोनदा संपवलं.

साडेसात वाजेपर्यंत बावीस मडकी फुटली, राख वाळूने झाकली गेली आणि गाव आलं तसं निघालं. गवताची एक काडी जळाली नव्हती. भाताच्या कणग्यांशेजारी पिढ्यान्पिढ्या पोपट्या लावलेल्या लोकांना ठिणगी कुठवर उडते ते ठाऊक असतं. हात धुता धुता डॉक्टर सबनीस म्हणाले, "चारुता, नियम म्हणजे नियम. आम्ही ताट संपवलंय. अर्ज अंतिम. रंगाऱ्याला सांग, अर्जात आहे तसं लिही."

चारुतामॅडमनी अर्ज काढून रंगाऱ्याच्या हाती दिला. पहिल्या दिवशी त्या 'पोपटी'वर अडल्या होत्या, त्यामुळे अर्जाच्या खालच्या भागापर्यंत त्या तेव्हाही पोचल्या नव्हत्या. आताही भरल्या पोटाने त्यांचे दोन्ही डोळे मिटत होते.

रविवारी सकाळी फलक सगळ्यांनी पाहिला. डॉ. केतन सबनीस, डॉ. केतन सबनीस, डॉ. केतन सबनीस यांच्या खाली ताज्या सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं:

'श्री. आनंदा गोमा घरत व इतर.'

"इतर?" मॅडमनी फलकाजवळ जाऊन पुन्हा वाचलं. "हे इतर कोण?"

"सातबाऱ्यावर तसंच होतं," आनंदाशेठ म्हणाले. फलकाकडे बघताना त्यांचा चष्मा पुन्हा पुसायला आला होता. "एक अक्षर बदललं तर अर्ज परत येतो, मॅडम."

बुधाजींना प्रणितने हाताला धरून आणलं होतं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण सातबाऱ्यावर आपण कुठे होतो हे त्यांना जन्मभर पाठ होतं. थोरल्या भावाच्या मुलाचं नाव वर. बाकी सगळे चुलते, भाऊ, पुतणे, विधवा, त्या दोन शब्दांत. त्यांनी काठीने शेवटचा शब्द दाखवला.

"यो मी," ते म्हणाले.

मॅडमनी फलक खरवडण्याची चौकशी केली. नियम नववा आड आला. डॉक्टरांनी तो फार काळजीपूर्वक लिहिला होता.

पुढच्या वर्षीची स्पर्धा डॉक्टर सबनिसांनी जिंकली. उतारांचा त्यांचा अभ्यास सुधारला होता. खेळायच्या आधी ते बुधाजींना गाडीतून मैदानभर फिरवून आणत. पदार्थांचा अर्ज त्यांनी मोठ्या तोऱ्यात भरला: पांढरं ताट, तीन घेवड्याच्या शेंगा, बीटाचा ठिपका. मग मेजवानीच्या आमंत्रणांची यादी करायला चारुतामॅडम फलकापुढे उभ्या राहिल्या. सर्व माजी विजेते. त्या वरून खाली वाचत आल्या आणि शेवटच्या ओळीशी थांबल्या. किती ताटं लागतील, हे विचारायला त्यांनी आनंदाशेठना फोन केला.

"मोजू नका, मॅडम," आनंदाशेठ म्हणाले. "पुरत नाय मंग."

त्या शनिवारी वावंढ्यातून अख्खं गाव नवे कपडे घालून क्लबाकडे निघालं. नियमच होता, माजी विजेत्यांना हजर राहणं भाग होतं. हौसाबाईंनी मात्र सकाळीच घरोघर सांगावा धाडला होता.

'डॉक्टरकडं ना? मंग जेवून निंघा.'